पदवी नसलेला पक्षिशास्त्रज्ञ, भरतपूरच्या म्हशी आणि एक नवी विद्याशाखा

गेल्या वर्षी पालकसभा आटोपल्यावर एक गृहस्थ मागे थांबून राहिले. अलिबागकडच्या खारेपाटातले. थोडी भातशेती, थोडा मासळीचा धंदा. मुलगी बी.एस्सी. झालेली, घराण्यातली पहिली पदवीधर. ते म्हणाले, "सर, मुलीला पुढे शिकवायची माझी तयारी आहे. पण ती जो विषय म्हणते त्याचं नाव मला नीट सांगता येत नाही. शाश्वत विकास की काय. मी विचारलं, यात काय शिकवतात? तर म्हणते, थोडं प्राणिशास्त्र, थोडं अर्थशास्त्र, थोडा कायदा, थोडं समाजशास्त्र. अहो, सगळंच थोडं थोडं शिकून माणूस शेवटी होतो काय? डॉक्टर म्हणजे डॉक्टर, वकील म्हणजे वकील. याचं काय?"

प्रश्न रास्त होता. मी त्यांना त्या वेळी जे उत्तर दिले ते माझे मलाच अपुरे वाटले. म्हणून हा लेख. हा विषय कोणा एका विद्यापीठाने एके दिवशी उघडलेला अभ्यासक्रम नव्हे. तो चुकांतून, ठेचांतून तयार झाला आहे, आणि त्याच्या भारतातील इतिहासात मुंबईचा आणि आपल्याच समाजातील एका माणसाचा वाटा फार मोठा आहे. त्या माणसाजवळ स्वतःची साधी पदवीही नव्हती, हे पालकांनी विशेष ध्यानात घ्यावे.

मूळ कल्पना जुनी आहे. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात चांदीच्या खाणी होत्या. खाणींना आधाराला लाकूड लागे, धातू वितळवायला कोळसा लागे, आणि जंगले संपत चालली होती. तेथील खाण खात्याचे अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स यांनी १७१३ साली वनशेतीवर एक मोठा ग्रंथ लिहिला व त्यात सांगितले की, जंगलातून जेवढे लाकूड पुन्हा वाढू शकते तेवढेच तोडावे. ‘टिकून राहील असा वापर’ या अर्थाचा जर्मन शब्द त्यांच्या या ग्रंथामुळे रूढ झाला. गंमत अशी की, हा गृहस्थ वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. खाणीच्या हिशेबातून तो झाडांकडे आला. म्हणजे या विद्येचा जन्मच मुळी दोन खात्यांच्या सीमेवर झाला आहे.

आपल्याकडे विद्यापीठाच्या पातळीवर असा प्रयत्न प्रथम मुंबईत झाला असे म्हणता येईल. १९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरिकशास्त्र असा विभाग सुरू केला आणि त्यावर पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश विद्वानाला नेमले. गेडीस मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. पुढे ते नगररचनाकार झाले व अखेर समाजशास्त्राच्या खुर्चीवर बसले. एखादे गाव समजून घ्यायचे तर तेथील माती, पाणी, माणसांचे धंदे आणि त्यांच्या चालीरीती या सर्व गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत, असा त्यांचा आग्रह. इंदूरला प्लेगचे दिवस होते तेव्हा त्यांनी नुसता अहवाल लिहून दिला नाही, तर दिवाळीची मिरवणूक हाती घेतली व त्यात घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर फिरवून लोकांकडून गल्ल्या साफ करून घेतल्या. त्यांच्या हाताखाली तयार झालेले मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये १९२४ साली त्या विभागाचे प्रमुख झाले. घुर्यांचा ओढा मात्र जाती, नाती व संस्कृती यांकडे होता. गेडीस यांची माती-पाण्याची दृष्टी त्या विभागात फारशी रुजली नाही. लखनौला राधाकमल मुखर्जी यांनी ती काही काळ जोपासली. समाज आणि परिसर यांचा संबंध हा त्यांच्या लेखनाचा मोठा विषय होता. पण एकंदरीत आपल्या विद्यापीठांत पुढील पन्नास वर्षे प्राणिशास्त्र एका इमारतीत आणि अर्थशास्त्र दुसऱ्या इमारतीत, अशीच वाटणी राहिली.

आता सलीम अलींकडे वळतो.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. लहानपणीच आईवडील गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी व त्यांची पत्नी यांनी या अनाथ भावंडांना वाढवले. १८७४ साली मुंबईत अंजुमन-इ-इस्लामची स्थापना करण्यात ज्यांचा पुढाकार होता ते बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले. म्हणजे घरात विद्येचे वातावरण होते. पण सलीमचे लक्ष अभ्यासात नव्हते. छऱ्याच्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा कोणता पक्षी हे विचारायला मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठवले. मिलार्डनी कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, आणि मुलाच्या आयुष्याची दिशा ठरली. ही गोष्ट आपल्या मुलांनी पाठ्यपुस्तकात वाचलेली असते. पाठ्यपुस्तकात येत नाही तो पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

१९१३ साली ते मॅट्रिक झाले, तेही कसेबसे. सेंट झेवियर्स कॉलेजात एक वर्ष काढले आणि ते अर्धवट टाकून ब्रह्मदेशात तव्हायला कुटुंबाच्या खाण व लाकडाच्या व्यवसायात गेले. तो व्यवसायही नीट चालला नाही. १९१७ साली परत येऊन दावरांच्या कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकले. झेवियर्समधील फादर ब्लाटर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांची खरी आवड ओळखून त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवले, पण विद्यापीठाची रीतसर पदवी काही पदरात पडली नाही. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षिशास्त्रज्ञाची जागा निघाली तेव्हा ती त्यांना मिळाली नाही, कारण हाती पदवी नव्हती. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या निसर्गविभागात महिना ३५० रुपयांवर मार्गदर्शक व्याख्याता म्हणून लागले. दोन वर्षांनी रजा घेऊन बर्लिनला एर्विन स्ट्रेझेमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाकडे काम शिकायला गेले. १९३० साली परत येऊन पाहतात तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! बायको आणि आपण असे दोघे अलिबागजवळ किहीमला येऊन राहिले. समोर सुगरणींची वसाहत होती. काम नव्हते म्हणून त्यांनी सारा पावसाळा ती वसाहत पाहण्यात घालवला, आणि सुगरणीचा नर एका घरट्यात एक मादी स्थिरावली की दुसरे घरटे बांधायला घेतो व दुसऱ्या मादीशी संसार थाटतो, हे टिपून प्रसिद्ध केले. त्यांच्या नावाला शास्त्रज्ञांत मान मिळाला तो या बेकारीच्या पावसाळ्यातल्या कामामुळे.

आमच्या त्या खारेपाटातल्या पालकांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे पदवी नसली तरी चालते म्हणता?" नाही, तसे मी म्हणत नाही. उलट सलीम अलींना पदवीची उणीव जन्मभर जाणवली आणि म्हणूनच पुढच्या मुलांना ती मिळावी याची त्यांनी खटपट केली. नॅचरल हिस्टरी सोसायटीतील क्षेत्रीय संशोधनावर मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. आणि पीएच.डी. मिळू लागली. म्हणजे वर्गात न बसता रानात, तळ्याकाठी, माळावर काम करून पदव्युत्तर पदवी. मार्गदर्शक कोण, तर ज्यांना स्वतः बी.ए. पर्यंतही पोहोचता आले नाही ते सलीम अली! अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने १९५८ साली त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. दिल्ली व आंध्र विद्यापीठांनी पुढे तेच केले. पण मला वाटते, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या पदव्या हाच त्यांचा खरा सन्मान होता.

पक्षी पाहता पाहता हे काम दुसऱ्या शास्त्रांच्या हद्दीत कसे शिरले त्याचे एक उदाहरण देतो. १९५७ साली म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली व मागोमाग माणसे तापाने आजारी पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधला. तो गोचिडीतून पसरतो हेही कळले. रशियातील एका रोगाच्या विषाणूशी त्याचे साम्य होते. तेव्हा शंका निघाली की हिवाळ्यात सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरून हा आला असेल काय? जागतिक आरोग्य संघटनेने नॅचरल हिस्टरी सोसायटीला मदत दिली आणि पक्षी पकडून, पायात कडी घालून, अंगावरच्या गोचिड्या गोळा करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. पक्ष्यांनी तो परदेशातून आणला असे काही सिद्ध झाले नाही. पण त्या कड्यांमुळे आपले पाहुणे पक्षी कोठून येतात, कोठे जातात, ही माहिती पहिल्यांदाच पद्धतशीर जमा झाली. रोगाचे कारण मात्र घराजवळच असल्याचे ध्यानात येत गेले. जेथे जंगल तोडून वस्ती आत सरकते आणि गुरे रानात चरू लागतात तेथे गोचिड्यांना आयते यजमान मिळतात. हाच माकडताप २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात आला. त्याच्याशी झुंजायचे तर डॉक्टर लागतो, गोचिड्यांचा जाणकार लागतो, वनाधिकारी लागतो, आणि काजूच्या बागेत व रानात कोण, कोणत्या महिन्यात, कशासाठी जाते हे सांगणारा माणूसही लागतो. यांतील कोणीही एकटा पुरा पडत नाही.

परंतु ज्या प्रकरणाने मला स्वतःला या विद्येचे महत्त्व पटले ते भरतपूरचे. थोडे विस्ताराने सांगतो.

राजस्थानातील भरतपूरजवळचे केवलादेव घना ही पक्ष्यांची जगप्रसिद्ध पाणथळ जागा. क्षेत्र अवघे २९ चौरस किलोमीटर. ही जागा निसर्गाने तयार केलेली नाही. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बंधारा झाला, आणि पुढे संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी बांध व पाट घालून सखल भागात पाणी खेळवले. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत ४,२७३ पक्षी मारल्याची नोंद तेथे दगडावर कोरलेली आहे. योगायोग पाहा, तो दिवस सलीम अलींचा वाढदिवस. स्वातंत्र्यानंतर ही जमीन शेतीला वाटावी अशी मागणी झाली तेव्हा ती वाचवण्यासाठी त्यांनी आपले वजन खर्च केले. १९५६ साली ते अभयारण्य झाले, १९८१ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले आणि १९८५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले.

आता अडचण अशी होती की, आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या तेथे चरत आल्या होत्या. राष्ट्रीय उद्यानात कायद्याने चराई चालत नाही. आणि म्हशी पक्ष्यांचे नुकसान करतात असे निसर्गतज्ज्ञांचेही मत होते. सलीम अलींचेही तेच मत होते, हे येथे लपवण्याचे कारण नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई बंद केली गेली. गावकरी चिडले, गर्दी झाली, पोलिसांनी गोळी चालवली आणि काही गावकऱ्यांचे प्राण गेले. पक्षी वाचावेत म्हणून माणसे मेली.

पुढे काय झाले? सुदैवाने, किंवा दुर्दैवानेच म्हणा, नॅचरल हिस्टरी सोसायटीचा दहा वर्षांचा अभ्यास तेथे १९८० सालापासूनच चालू होता. डॉ. व्ही. एस. विजयन व त्यांचे तरुण सहकारी पाणी, गवत, मासे, किडे, पक्षी यांची वर्षानुवर्षे मोजदाद करीत होते. त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी याच कामावर डॉक्टरेट मिळवल्या. म्हशी गेल्यानंतर त्यांच्या वह्यांत काय उमटले? पास्पालम नावाचे पाणगवत बेसुमार वाढले. मोकळे पाणी त्याने झाकून टाकले. माशांची वाढ खुंटली, पाण्यात पोहून चरणाऱ्या बदकांना जागा उरली नाही. हे गवत आजवर आटोक्यात कोणी ठेवले होते? म्हशींनी! म्हशींना पक्ष्यांचा शत्रू मानून हाकलले होते, त्याच त्या तळ्याच्या बिनपगारी माळी निघाल्या. दहा वर्षांनंतरच्या अहवालात या शास्त्रज्ञांनी स्वच्छ लिहिले की, हे पाणथळ टिकवायचे तर चराई पूर्ण बंद करून चालणार नाही. आपल्याच संस्थेच्या आधीच्या मताविरुद्ध असे लिहायला धैर्य लागते. त्यापूर्वीच, २० जून १९८७ रोजी, सलीम अली वारले होते.

मी या प्रकरणाचा दोष कोणा एकाला देत नाही. पक्ष्यांबद्दल त्यांच्याइतके जाणणारा माणूस त्या काळी भारतात दुसरा नव्हता. पण प्रश्न केवळ पक्ष्यांचा नव्हताच. तो गवताचा होता, म्हशीच्या पोटाचा होता, गावच्या दूधधंद्याचा होता, राष्ट्रीय उद्यानाच्या कायद्याचा होता. १९८२ साली या सर्वांना एका टेबलाभोवती बसवणारी विद्याशाखा आपल्याकडे नव्हती. असती तर एखाद्या विद्यार्थ्याने गावातल्या म्हाताऱ्या गुराख्याला निदान विचारले असते की, बाबा, म्हशी आल्या नाहीत तर येथे काय उगवेल? गावकऱ्यांना नंतर परवाने देऊन उद्यानातून गवत कापून नेऊ देण्यात आले. तळ्याचे पुढचे दुखणे तर आणखीनच वेगळ्या शास्त्राकडे बोट दाखवते. वरच्या अंगाला गंभीर नदीवर पांचना धरण झाले, तेथल्या शेतकऱ्यांना पाणी हवे होते, आणि २००४ च्या सुमारास केवलादेवचे तळे कोरडे पडू लागले. सैबेरियातून येणारे पांढरे क्रौंच २००२ नंतर तेथे दिसलेले नाहीत. आता पक्षिशास्त्रज्ञाने पाटबंधारे आणि निवडणुकीचे राजकारणही समजून घ्यायचे की नाही?

याच सुमारास दुसऱ्या टोकाला, केरळात, सर्व शाखांची माणसे एकत्र बसली तर काय होते हेही देशाने पाहिले. सायलेंट व्हॅलीतील वीजप्रकल्पाबद्दल केरळ शास्त्र साहित्य परिषदेने जो अभ्यास केला त्यात वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर वीजतज्ज्ञ अभियंता होता, शेतीचा व अर्थकारणाचा विचार करणारे होते. ‘जंगल सुंदर आहे, ते वाचवा’ एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. ही वीज दुसरीकडून कशी मिळेल आणि तिचा खरा फायदा कोणाला, याचा हिशेब त्यांनी मांडला. पुढे एम. जी. के. मेनन समितीनेही प्रश्न सर्व बाजूंनी तपासला; १९८३ साली प्रकल्प सोडून दिला गेला व १९८४ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. सलीम अलीही या प्रकल्पाच्या विरोधात उभे राहिले होते.

मेनन समितीत पुण्याचे माधव गाडगीळ होते. त्यांचे वडील अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. मुलगा जीवशास्त्राकडे गेला, लहानपणी सलीम अलींच्या सहवासात पक्षी पाहायला शिकला, आणि हार्वर्डला जाऊन गणिती परिसरशास्त्रात डॉक्टर झाला. परत येऊन बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी १९८३ साली परिसरशास्त्राचे केंद्र उभारले. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या बांबूची त्यांनी सांगितलेली गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. कागद कारखान्यासाठी तोड करणारे बांबूच्या बेटाभोवतीचे काटेरी वेढे साफ करीत. त्याने बेट जोमाने वाढते अशी समजूत होती. गावकरी म्हणत, काटे काढले की कोवळे कोंब गुरे व रानजनावरे खाऊन टाकतात. मोजणी केली तेव्हा गावकऱ्यांचे म्हणणे खरे निघाले. पुढे गाडगीळांनी रामचंद्र गुहा या इतिहासकाराला जोडीला घेऊन भारताच्या परिसराचा इतिहासच लिहिला. तो १९९२ साली प्रसिद्ध झाला. जीवशास्त्रज्ञ आणि इतिहासकार एका ग्रंथाचे लेखक व्हावेत, हे त्याआधी आपल्याकडे क्वचितच घडले असेल.

विद्यापीठांची दारे या सुमारास किलकिली होऊ लागली होती. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९७४ साली पर्यावरणशास्त्राची स्वतंत्र शाखा निघाली. त्याच वर्षी बंगलोरला अमूल्य रेड्डी यांनी खेड्यांना उपयोगी तंत्रज्ञानाचे केंद्र सुरू केले; हे गृहस्थ विद्युत्-रसायनाचे प्राध्यापक, पण धूर कमी करणारी चूल आणि गोबरगॅस यांच्या मागे लागले. मुंबईच्या आय.आय.टी.त १९८५ साली ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र झाले व पुढे तेथे तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. मिळू लागली. डेहराडूनची वन्यजीव संस्था १९८२ सालची. अलीगढला वन्यजीव व पक्षिशास्त्राचे पदव्युत्तर केंद्र १९८० च्या दशकात उभे राहिले. अलीगढलाच शिकलेले डॉ. असद रहमानी माळढोकावरील संशोधनासाठी नॅचरल हिस्टरी सोसायटीत आले, मध्यंतरी अलीगढच्या त्या केंद्रात शिकवीत होते आणि १९९७ ते २०१५ या काळात सोसायटीचे संचालक होते. सोलापूरजवळ नान्नजचे माळ त्यांच्या कामामुळे सर्वांना ठाऊक झाले. तेथेही भरतपूरचीच गोष्ट वेगळ्या रूपात घडली. १९७९ साली साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास इलाखा माळढोकसाठी राखीव केला गेला, त्यात शेते आली, गावे आली, आणि जमिनीच्या व्यवहारात शेतकरी अडकला. पुढे क्षेत्र पुष्कळ कमी करावे लागले. पक्षी मात्र आता तेथे नावापुरताच उरला आहे.

‘शाश्वत विकास’ हा शब्द जगभर झाला तो १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणे, असा त्याचा आशय. शब्द सोपा, पण ‘गरज’ हा अर्थशास्त्राचा, ‘धक्का’ हा विज्ञानाचा आणि ‘पुढच्या पिढ्या’ हा न्यायाचा विषय. म्हणून २००१ साली काही नामवंत शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन याचे स्वतंत्र शास्त्रच असावे असे मांडले, आणि २००६ साली अमेरिकेत ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने या नावाची संपूर्ण शाखा काढली. २००९ साली एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा त्या मुळात राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. कुरणे, मासेमारी, गावचे पाट अशा सामाईक मालमत्ता लोक स्वतःचे नियम करून शतकानुशतके कशा टिकवतात, हा त्यांचा विषय. आपल्याकडे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय सर्व स्तरांवर शिकवण्याचा आदेश दिला. त्यातून पदवीला एक सक्तीचा पेपर आला. मुले तो पास होण्यापुरता वाचतात, हे आपण सर्वजण जाणतोच. तो पेपर म्हणजे ही विद्या नव्हे.

मग ही विद्या शिकणाऱ्याने करायचे काय? माझे मत असे की, आधी एक शास्त्र पक्के हवे. प्राणिशास्त्र असो, अर्थशास्त्र असो, अभियांत्रिकी असो, पदवीपर्यंत ते घट्ट धरावे. विजयन यांच्या पथकाला गवत मोजता येत होते म्हणून म्हशींचा न्याय झाला. नुसत्या कळवळ्याने झाला नसता. दुसऱ्या शास्त्रांची ओळख त्यानंतर, पदव्युत्तर पातळीवर, एखादा खरा प्रश्न हाती घेऊन करावी. आणि संख्याशास्त्र सोडू नये. आमच्या मुली गणिताला घाबरून हा विषय निवडत असतील तर ती मोठी फसगत ठरेल. नोकरीचे म्हणाल तर सरकारी खाती, संशोधन संस्था, पाणलोटाची व आरोग्याची कामे करणाऱ्या संस्था, कारखान्यांतील पर्यावरण विभाग, अशा जागा आहेत. परंतु डॉक्टरसारखी पाटी लावून बसता येत नाही हेही पालकांना आधीच सांगितलेले बरे.

त्या पालकांच्या मुलीला प्रवेश मिळाला. परवा ती भेटायला आली होती. प्रबंधासाठी तिने गावचीच खारबंदिस्ती घेतली आहे. पूर्वी शेतकरी आपसांत वर्गणी व श्रमदान करून समुद्राचे पाणी अडवणारे बांध राखीत. १९४८ साली मुंबई राज्याचा खारजमीन कायदा आला, पुढे १९७९ साली महाराष्ट्राचा आला, आणि बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारकडे गेली. आता बांध फुटला की शेतात खारे पाणी शिरते, भात जाते, काही ठिकाणी तिवरे वाढतात, आणि तिवरांना कायद्याचे संरक्षण असल्याने ती काढता येत नाहीत. तिवरांत मासळीची पिल्ले वाढतात म्हणून कोळी खूष, शेतकरी नाखूष. तिच्या घरात तर दोन्ही धंदे आहेत. मातीतील क्षार ती प्रयोगशाळेत मोजते. चरीच्या १९३३ ते १९३९ च्या शेतकरी संपाची कागदपत्रे वाचायला लागल्यापासून तिला कुळांचा इतिहासही कळू लागला आहे. पण बांध कोणत्या भरतीला, कोणत्या वाऱ्यात, कोणत्या जागी फुटतो आणि पूर्वी फुटला की रात्री कोण कोण कोणाला हाक मारीत, हे काही कागदावर नाही. म्हणून सध्या ती रोज संध्याकाळी वही घेऊन अब्बांसमोर बसते. ते सांगतात, ती लिहून घेते. मध्येच ते विचारतात, "हे पण परीक्षेला येतं का गं?"